डिसेबल केलेली सर्व्हिस रीबूटनंतर परत का उठते

प्रश्न थोडक्यात असा आहे की काही लिनक्स सर्व्हर जुने, काही नवे, त्यात एक अल्पाइन, आणि प्रिंटिंगची कप्स सर्व्हिस (सर्व्हिस म्हणजे मागे चालत राहणारा प्रोग्रॅम) कुठेच नकोय. नव्या सर्व्हरवर 'सिस्टमसीटीएल डिसेबल कप्स' मारलं, रीबूट केलं, कप्स परत चालू. एका जुन्या डेबियनवर 'अपडेट-आरसी.डी -एफ कप्स रिमूव्ह' केलं, काही महिने शांत गेले, मग एक अपडेट आला आणि कप्स परत हजर. आणि शेवटी विचारलंय की सगळीकडे चालेल अशी एकच कमांड आहे का.

एकच कमांड नाही. 'सर्व्हिस कप्स स्टॉप' ही जवळपास सगळ्या लिनक्सवर चालते पण ती फक्त आत्तापुरती, बूटच्या वेळी काय होणार याच्याशी तिचा संबंध नाही. आणि निम्मा गोंधळ इथेच होतो, की सर्व्हिस आत्ता चालू आहे का हा एक प्रश्न आणि पुढच्या बूटला ती उठणार का हा वेगळा प्रश्न. स्टॉप केलं म्हणून डिसेबल होत नाही आणि डिसेबल केलं म्हणून चालू असलेली थांबत नाही. (कमांड मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने टाका.)

मी हे असं डोक्यात ठेवतो: बूटच्या वेळी कुणीतरी एक यादी वाचतो आणि त्यातल्या सर्व्हिस उठवतो. एनेबल म्हणजे त्या यादीत खूण करणं, डिसेबल म्हणजे खूण पुसणं, बास. इनिट सिस्टम (बूटला सगळ्यात आधी उठून ही यादी वाचणारा प्रोग्रॅम) बदलली की खूण कुठे असते आणि ती कोण वाचतो तेवढं बदलतं. तुम्ही खूण पुसूनही सर्व्हिस उठली तर दोनच शक्यता, एकतर खूण परत कुणीतरी केली नाहीतर यादी सोडून दुसऱ्या वाटेने कुणीतरी तिला उठवलं. तुमच्याकडे जुन्यावर पहिली झालीय आणि नव्यावर बहुतेक दुसरी.

आधी कुठली इनिट आहे ते बघा. 'कॅट /प्रॉक/१/कॉम' केलं की एक नंबरच्या प्रोसेसचं नाव येतं. 'पीएस' वर विसंबू नका, कारण उबुंटू-डेबियनवर तो बऱ्याचदा '/एसबिन/इनिट' दाखवतो आणि लोकांना वाटतं जुनी इनिट आहे, प्रत्यक्षात ती सिस्टमडी या नव्या इनिटकडे जाणारी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) असते. आणखी खात्रीचं म्हणजे '/रन/सिस्टमडी/सिस्टम' ही डिरेक्टरी आहे का बघा, ती असेल तर मशीन सिस्टमडीने बूट झालंय. कंटेनरच्या आत असाल तर एक नंबरवर तुमचं ॲप्लिकेशनच असतं, तिथे सिस्टमसीटीएल (सिस्टमडीची कमांड) सरळ सांगतो की सिस्टम सिस्टमडीने बूट झालेली नाही, तिथे एनेबल-डिसेबल करत बसण्यात अर्थच नाही.

आता जुनी, म्हणजे सिस्टम फाइव्ह पद्धतीची. इथे खूण म्हणजे सिमलिंकच्या नावातलं पहिलं अक्षर. खरी स्क्रिप्ट '/ईटीसी/इनिट.डी' मध्ये, आणि प्रत्येक रनलेव्हलची (मशीन कुठल्या अवस्थेत आहे त्याचा आकडा) वेगळी डिरेक्टरी, आरसी०.डी पासून आरसी६.डी पर्यंत, त्यात त्या स्क्रिप्टकडे जाणाऱ्या लिंका. नाव 'एस' ने सुरू झालं तर स्टार्ट, 'के' ने सुरू झालं तर स्टॉप, पुढचे दोन आकडे क्रमाचे. रनलेव्हलमध्ये शिरताना आधी सगळे 'के' आणि मग सगळे 'एस'. हे इतकं साधं आहे की 'एलएस /ईटीसी/आरसी३.डी' केलं की सगळं चित्र समोर. ही एक गोष्ट मला आजही त्या पद्धतीची आवडते, काही लपलेलं नसतं.

हाताने लिंका बदलायला कंटाळा येतो म्हणून वर कमांड आल्या. रेड हॅट घराण्यात चेककॉन्फिग, ती स्क्रिप्टच्या डोक्यावरची कॉमेंट वाचते, '# चेककॉन्फिग: २३४५ ८० २०' अशी, म्हणजे २ ते ५ रनलेव्हलला चालू, स्टार्टचा क्रम ८०, स्टॉपचा २०. हो, कॉमेंटच, पण ती पुसली तर चेककॉन्फिग म्हणतो मला ही सर्व्हिस ओळखीची नाही. डेबियनकडे अपडेट-आरसी.डी, आणि डेबियन ६ पासून क्रम स्क्रिप्टमधल्या डिपेंडन्सीच्या (कुणाला आधी कोण लागतं याच्या) हेडरवरून ठरायला लागला, आकडे हाताने ठरवायची गरज राहिली नाही.

आता तुमची जुन्या डेबियनवरची भानगड. 'रिमूव्ह' ने तुम्ही सगळ्या लिंका उडवल्या, एस पण गेल्या आणि के पण. पॅकेज अपग्रेड झालं की त्याची इन्स्टॉलनंतरची स्क्रिप्ट परत अपडेट-आरसी.डी ला हाक मारते, आणि त्याचा नियम असा आहे की या सर्व्हिसची एक जरी लिंक शिल्लक असेल तर ॲडमिनने काहीतरी ठरवून केलंय असं समजून हात लावायचा नाही, एकही नसेल तर नवीनच इन्स्टॉल आहे असं समजून डिफॉल्ट लिंका घालायच्या. तुम्ही एकही ठेवली नव्हती, म्हणून त्याने तुम्हाला नवीन समजून सगळं परत लावलं. रिमूव्ह हे मुळात पॅकेज काढून टाकल्यावर साफसफाईसाठी आहे. तुम्हाला हवं होतं 'अपडेट-आरसी.डी कप्स डिसेबल', त्याने एसच्या जागी के लिंका होतात, म्हणजे "नको" असं लिहून ठेवलं जातं, नुसतं कोरं सोडलं जात नाही. तोच '-एफ' बघा, तो लावला नसता तर कमांडने आधी टोकलं असतं की स्क्रिप्ट अजून जागेवर आहे. लोक टोकणं नको म्हणून -एफ लावतात आणि मग असं होतं.

रेड हॅटच्या जुन्या मशीनवर हाच खड्डा वेगळ्या नावाने आहे. 'चेककॉन्फिग कप्स ऑफ' बरोबर, 'चेककॉन्फिग --डेल कप्स' चूक, कारण आरपीएम (रेड हॅटचं पॅकेज) अपग्रेड होताना '--ॲड' चालतं आणि ते गेलेल्या लिंका डिफॉल्टप्रमाणे भरून टाकतं.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण तिने माझे दोन शनिवार खाल्ले. एका क्लायंटकडे रेड हॅट घराण्यातल्या सर्व्हरवर आमच्याच टीमने लिहिलेली इनिट स्क्रिप्ट होती, एक सर्च इंजिन उठवायची. स्टार्ट चालायचं, स्टॉप चालायचं, चेककॉन्फिगमध्ये ऑन, सगळं बरोबर, पण मशीन रीबूट केलं की प्रत्येक वेळी इंडेक्स खराब. हाताने स्टॉप करून मग रीबूट केलं तर व्यवस्थित. के लिंक पण जागेवर होती. शेवटी '/ईटीसी/आरसी.डी/आरसी' ही स्क्रिप्टच उघडून वाचली तेव्हा कळलं की बंद होताना ती के लिंक नुसती आहे म्हणून चालवत नाही, आधी '/व्हार/लॉक/सबसिस' मध्ये त्या सर्व्हिसच्या नावाची फाइल आहे का बघते, नसेल तर ही चालूच नाहीये असं धरून पुढे जाते. आमच्या स्क्रिप्टमध्ये स्टार्ट झाल्यावर ती फाइल टच करायची (रिकामी बनवायची) ओळच नव्हती. म्हणजे आमचं स्टॉप बंद होताना कधी चाललंच नाही, शेवटी सगळ्या प्रोसेसना मारायची पाळी येते त्यात ते मरत होतं. एका ओळीने प्रश्न सुटला. तुमच्याकडे घरी लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट असतील तर ही ओळ आहे का आजच बघा.

जुन्या मशीनवर आणखी दोन ठिकाणी खूण लपलेली असू शकते. एक, '/ईटीसी/डिफॉल्ट' मधल्या फाइलमध्ये 'एनेबल्ड=नो' असलं काहीतरी, जे इनिट स्क्रिप्ट स्वतः वाचून गुपचूप बाहेर पडते. यात गंमत अशी की मशीन सिस्टमडीवर गेलं की नवीन युनिट ती ओळ बहुतेक वाचतच नाही, आणि वर्षानुवर्षं बंद असलेली सर्व्हिस अपग्रेडनंतर अचानक जिवंत होते. दुसरं झिनेटडी, म्हणजे कनेक्शन आलं की छोट्या सर्व्हिस उठवणारा प्रोग्रॅम, तिथे प्रत्येक सर्व्हिसच्या फाइलमध्ये 'डिसेबल = येस' असतं, आणि चेककॉन्फिग तिथेही चालतो पण तिथे ऑन-ऑफ लगेच लागू होतं, रीबूटची वाट बघत नाही. एकच कमांड, दोन वागणुकी.

अपस्टार्ट ही मधल्या काळातली इनिट, तिचं पटकन उरकतो. उबुंटूने २००६ मध्ये ६.१० ला आणलं आणि १४.१० पर्यंत ठेवलं. जॉब '/ईटीसी/इनिट' मध्ये, इनिट.डी मध्ये नाही, या एका '.डी' ने किती लोकांना फिरवलंय विचारू नका. बंद करायचं तर 'कप्स.ओव्हरराइड' नावाची फाइल तिथेच बनवायची आणि त्यात 'मॅन्युअल' हा एकच शब्द लिहायचा. अपस्टार्टचा स्वतःचा जॉब असेल तर आरसी लिंका काढून काही होत नाही, कारण त्या जॉबसाठी ती यादी कुणी वाचतच नाही. रेड हॅट ६ मध्ये पण एक नंबरला अपस्टार्टच आहे, पण तिथे सर्व्हिस जुन्याच पद्धतीने चालतात, म्हणून चेककॉन्फिगच वापरा, तिकडे अपस्टार्ट विसरून जा.

सिस्टमडी. २०१० मध्ये जाहीर झालं, फेडोरा १५ मध्ये २०११ ला डिफॉल्ट, रेड हॅट ७ मध्ये २०१४ ला, डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ मध्ये २०१५ ला. यावरची भांडणं खूप झाली, मी त्यात पडत नाही, सर्व्हिस सांभाळायला मला ते सोपं वाटतं पण "बंद" म्हणजे नक्की काय हे मात्र त्याने अवघड केलंय.

खूण इथेही सिमलिंकच. 'सिस्टमसीटीएल एनेबल' केलं की ते युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी) उघडून तिचा 'इन्स्टॉल' विभाग वाचतं, तिथे 'वाँटेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट' असेल तर '/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/मल्टी-युजर.टार्गेट.वाँट्स' मध्ये लिंक घालतं (टार्गेट म्हणजे साधारण इथली रनलेव्हल), आणि 'क्रिएटेड सिमलिंक' म्हणून तेच स्क्रीनवर सांगतं. डिसेबल म्हणजे ती लिंक काढणं. आत्ता चालू-बंद पण त्याच फटक्यात हवं असेल तर '--नाऊ' लावा. इन्स्टॉल विभाग एनेबल करतानाच वाचला जातो, हे लक्षात ठेवा, म्हणजे नंतर फाइलमध्ये वाँटेडबाय बदललंत तरी लिंक जुन्याच जागी राहते, 'रीएनेबल' करावं लागतं. मी एकदा बघितलंय, युनिटमध्ये 'ग्राफिकल.टार्गेट' लिहिलेलं आणि सर्व्हर बिनमॉनिटरचा, डिफॉल्ट टार्गेट मल्टी-युजर. 'इज-एनेबल्ड' विचारलं तर एनेबल्ड, पण बूटला कधीच उठायची नाही, कारण लिंक ज्या यादीत होती ती यादी कुणी उघडतच नव्हतं. 'सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट' ने हे दोन सेकंदात कळतं.

आता तुमचं कप्स. डिसेबलने टार्गेटमधली खूण गेली, पण सिस्टमडीमध्ये टार्गेट हा उठवणारा एकटा नाही. बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये कप्ससोबत 'कप्स-ब्राउझ्ड' नावाची सर्व्हिस येते, नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी, आणि तिच्या युनिटमध्ये 'रिक्वायर्स=कप्स.सर्व्हिस' लिहिलेलं असतं. ती एनेबल्ड आहे, ती बूटला उठते, आणि उठताना कप्सला हात धरून घेऊन येते. कप्स डिसेबल्ड आहे याची तिला पर्वा नाही, डिसेबल्ड म्हणजे "आपणहून उठू नको" एवढंच, "कुणी बोलावलं तरी येऊ नको" असं नाही. कोण बोलावतंय ते 'सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स कप्स' दाखवतं. ही कमांड लोकांना माहीतच नसते.

दुसरी वाट सॉकेट, म्हणजे कनेक्शन घ्यायचं दार. कप्स.सॉकेट चालू असेल तर सिस्टमडी स्वतः दारात बसून राहतो, कुणी कनेक्ट झालं की कप्सला उठवतो. म्हणून कधीकधी तुम्ही स्टॉप करता आणि पाच मिनिटांत कुठल्यातरी प्रोग्रॅमने प्रिंटर विचारला की परत चालू. डॉकरवर पण हेच, डॉकर.सर्व्हिस थांबवली की इशारा येतो की डॉकर.सॉकेट हिला परत उठवू शकतं. आणि उबुंटू २२.१० पासून एसएसएच पण सॉकेटवर आहे, तिथे ssh बंद करायला नुसती सर्व्हिस डिसेबल करून दार बंद होत नाही, सॉकेट पण बंद करावं लागतं. कप्सचं तर एक 'कप्स.पाथ' पण असतं, एक ठरावीक फाइल दिसली की उठवणारं. शिवाय टायमर, उदाहरणार्थ एपीटी-डेली.सर्व्हिस 'स्टॅटिक' दाखवते, म्हणजे तिच्यात इन्स्टॉल विभागच नाही, एनेबल-डिसेबल तिला लागूच पडत नाही, तिला एपीटी-डेली.टायमर उठवतो, डिसेबल करायचं ते त्याला. डीबसवरून (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ती वाट) हाक मारली तरी काही सर्व्हिस उठतात.

"मग सरळ मास्क करू का" असं लोक विचारतात. मास्क म्हणजे '/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम' मध्ये त्या युनिटच्या नावाची लिंक, थेट '/डेव्ह/नल' कडे जाणारी. मग कुणीच उठवू शकत नाही, तुम्ही हाताने सुद्धा नाही. हे जबरदस्त आहे पण मी शेवटी वापरतो. कारण जो रिक्वायर्स म्हणून अडून बसलाय तो पण मग फेल होतो आणि लॉगमध्ये रोज लाल ओळी, आणि दोन वर्षांनी दुसरा कुणी ॲडमिन पॅकेज काढून परत घालतो, तरी सर्व्हिस उठत नाही, आणि त्याला कळत नाही का. मास्क केलंत तर कुठेतरी लिहून ठेवा. तुम्ही स्वतः लिहिलेलं युनिट '/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम' मध्येच असेल तर मास्क चालतच नाही, फाइल आधीच आहे म्हणून नकार देतो, म्हणून मी आपली युनिटं '/युएसआर/लोकल/लिब/सिस्टमडी/सिस्टम' मध्ये ठेवतो. आणि मास्कने पण चालू असलेली थांबत नाही, --नाऊ हवंच.

जुनी इनिट.डी स्क्रिप्ट नव्या मशीनवर असेल तर सिस्टमडी बूटच्या वेळी तिच्यावरून तात्पुरतं युनिट तयार करतो, आणि एनेबल-डिसेबल केलं की सिस्टमसीटीएल 'इज नॉट अ नेटिव्ह सर्व्हिस' असं म्हणून काम जुन्या साधनाकडे सोपवतो. चालतं, पण हा आधार आता काढून टाकायचा म्हणून जाहीर झालेला आहे, तेव्हा दहा ओळींचं युनिट लिहून मोकळे व्हा.

नवीन पॅकेज घातल्यावर काय होतं यातही फरक आहे. डेबियन-उबुंटू पॅकेज घातलं की सर्व्हिस लगेच उठवतात आणि एनेबल पण करतात. रेड हॅट घराण्यात प्रीसेटच्या फाइली (काय एनेबल, काय डिसेबल याच्या याद्या) ठरवतात आणि शेवटची ओळ साधारण "बाकी सगळं डिसेबल" अशी असते. मला दुसरं पटतं. कॉन्फिग लिहायच्या आधीच सर्व्हिस नेटवर्कवर उघडी पडलेली कुणाला आवडेल.

बाकीच्यांबद्दल थोडंसं, कारण तुमच्या यादीत एक अल्पाइन पण दिसतंय. तिथे ओपनआरसी ही इनिट, 'आरसी-अपडेट डेल कप्सडी डिफॉल्ट', रनलेव्हलना आकड्यांऐवजी नावं, लिंका '/ईटीसी/रनलेव्हल्स/डिफॉल्ट' मध्ये. तिथेही दुसऱ्या कुणाची 'नीड' असेल तर यादीत नसलेली सर्व्हिस उठतेच. व्हॉइड लिनक्सवर रनइट ही इनिट, तिथे '/व्हार/सर्व्हिस' मध्ये लिंक घातली की काही सेकंदांत सर्व्हिस उठते आणि काढली की थांबते, म्हणजे आत्ता आणि बूटला हे दोन प्रश्न तिथे एकच. फ्रीबीएसडीवर आरसी.कॉन्फमध्ये 'कप्सडी_एनेबल' ला नो करायचं, 'सिसआरसी' ने सोपं जातं, पण आधी थांबवा आणि मग नो करा, उलटं केलंत तर 'स्टॉप' नकार देतो आणि 'वनस्टॉप' वापरा म्हणून सांगतो.

तर तुमच्या नव्या सर्व्हरवर हा क्रम करा. 'सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स-ब्राउझ्ड' आधी, मग 'सिस्टमसीटीएल डिसेबल --नाऊ कप्स.सॉकेट कप्स.पाथ कप्स.सर्व्हिस' हे तिन्ही एकत्र, एकेक करत बसलात तर मधल्या वेळात सॉकेट परत उठवतं. जुन्या डेबियनवर 'सर्व्हिस कप्स स्टॉप', 'अपडेट-आरसी.डी कप्स डिसेबल', कप्स-ब्राउझ्ड असेल तर त्यालाही तेच, आणि आरसी२.डी मध्ये एसच्या जागी के दिसतंय का बघा, आरसी२ का, तर डेबियनची डिफॉल्ट रनलेव्हल तीच. प्रिंटिंग कधीच लागणार नसेल तर पॅकेजच काढून टाका, हे सगळं वाचवतं. नंतर रीबूट करून 'एसएस -एलटीएनपी' मध्ये (कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय ते ही कमांड दाखवते) कप्सच्या ६३१ पोर्टवर कोणी बसलंय का तेवढं बघा, आणि बसलेलं दिसलंच तर त्या ओळीत प्रोसेसचं नाव असतं, कप्सडी दिसली तर सर्व्हिस कुणीतरी ओढून आणलीय, सॉकेट राहिलंय का ते मात्र इथे बहुतेक दिसत नाही, ते 'सिस्टमसीटीएल स्टेटस कप्स.सॉकेट' ने बघा.